ढिगातलं नाणं आणि डब्यातलं नाणं

जुन्या बाजारात नाणेवाला माल दोन तऱ्हांनी मांडतो. पुढे पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं असतात. त्यांच्या गोल खिडकीतून नाणं दिसतं, कडेला पेनाने किंमत लिहिलेली असते आणि घासाघीस पन्नास-शंभराच्या आत आटोपते. बाजूला घमेल्यात नाहीतर चादरीवर ओतलेला ढीग असतो. त्यात पाव आणे, भोकाचे पैसे, निजामाची तांब्याची नाणी, ॲल्युमिनियमचे दोन-तीन पैसे, कुठल्या कुठल्या देशांची चिल्लर. 'कोणतंही उचला, वीस रुपये.' पुण्यात मंगळवार पेठेतला रविवार-बुधवारचा बाजार असो की मुंबईतला चोरबाजार, अशा ढिगाभोवती दोन-चार माणसं उकिडवी बसलेली दिसतातच. त्यांच्यातल्या एखाद्याच्या हाताला कधीतरी हजार-दोन हजारांचं नाणं लागतं आणि तो मुकाट्याने वीस रुपये देऊन उठतो.

त्याने विक्रेत्याला फसवलं का? माझ्या मते नाही. पण हेच उत्तर पुढे करून आम्ही नाणेसंग्राहक आणखी बरंच काही पदरात पाडून घेतो, ते मला पटत नाही.

ढीग मांडणं हा विक्रेत्याचा अडाणीपणा नसतो, त्यामागे हिशेब असतो. माल त्याच्याकडे किलोने आलेला असतो, भंगारवाल्याकडून किंवा वाडा रिकामा करणाऱ्याकडून. हजारभर नाणी भिंग घेऊन तपासायची तर त्याचा धंद्याचा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा हाती लागतं ते शून्य. म्हणून तो तपासण्याचं काम गिऱ्हाइकावर सोपवतो आणि सगळ्या ढिगाला एकच भाव लावतो. एखादं भारी नाणं निसटणार हे त्याने त्या वीस रुपयांतच धरलेलं असतं. गुडघे दुखेपर्यंत बसून रिकाम्या हाताने उठणाऱ्या दहा जणांना तो काही परत देत नाही. मग अकराव्याने मिळालेल्यातला वाटा द्यावा असं म्हणायलाही जागा राहत नाही.

शिवाय हे शोधणं दिसतं तेवढं सोपं नाही. राणीछाप रुपयाचंच बघा. 1862 साल घातलेला रुपया साल न बदलता 1874 पर्यंत पाडला जात होता. मुंबई टाकसाळीच्या काही रुपयांवर सालाखाली बारीक ठिपके आहेत. ते मोजून जाणकार नाणं खरं कोणत्या वर्षाचं ते ठरवतात, आणि ठिपक्यांच्या संख्येनुसार भाव कुठल्या कुठे जातो. सव्वाशे-दीडशे वर्षं हाताळलेल्या नाण्यावर तो ठिपका आहे की झीज, की नुसता मळ, हे उन्हात तिरकं धरून, भिंगाखाली दोनदा फिरवून बघावं लागतं. दुसरा मासला पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयाचा. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती कोरलेला आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, मुसलमानांनी हरकत घेतली आणि सरकारने तो रुपया मागे घेतला. पाडलेल्या सुमारे 94 लाखांपैकी 7 लाखांच्या आसपास तेवढे बाहेर गेले होते. 1912 पासून हत्ती हत्तीसारखा दिसायला लागला. 'जॉर्जचा कुठलाही घ्या, चांदीचा भाव' म्हणून मांडलेल्या ढिगात सालाकडे ज्याची नजर जाईल, त्याने तो रुपया न्यावा. समोरचाही व्यापारीच आहे, सालाचा आकडा त्यालाही वाचता येतो.

कायदाही इथे घेणाऱ्याच्या बाजूने आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 17 सांगतं की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करील अशी गोष्ट माहीत असून नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे. त्याखाली दिलेल्या उदाहरणांत दोन व्यापारी आहेत. भाव बदलल्याची खबर एकाला आहे, दुसऱ्याला नाही. कायदा म्हणतो, ती खबर देण्याचं बंधन पहिल्यावर नाही.

मात्र बाजारात नुसतं गप्प कोण बसतं? हवं असलेलं नाणं पाच फुटकळ नाण्यांत मिसळायचं, त्याच्याकडे मुद्दाम बघायचं नाही, भलत्याच नाण्यावर घासाघीस करायची आणि जाता जाता 'बरं, हेही टाका यात' म्हणायचं, ही कला मुरलेल्या प्रत्येक संग्राहकाला येते. इथवर मी डोळेझाक करीन, कारण विक्रेताही याच शाळेत शिकलेला असतो. पण 'हे? हे तर झिजलंय हो, काही अर्थ नाही यात' असं तोंडाने म्हटलं की मामला बदलतो. त्याच कलम 17 चं पहिलंच पोटकलम सांगतं, खोटं आहे हे माहीत असून एखादी गोष्ट खरी म्हणून सांगणं म्हणजे कपट. व्यापाऱ्याशी बोलताना सांगितलं म्हणून खोटं खरं होत नाही. यावर ठरलेला युक्तिवाद असा की तोच विक्रेता नवख्याला बनावट शिवराई अस्सल म्हणून विकतो, मग त्याची कसली कीव? विकत असेल, बनावट शिवरायांनी बाजार भरलेला आहे हे खरं. पण तो हिशेब त्याच्याशी चुकता करावा. त्याच्यावरचा राग धरून ज्याने कधी कुणाला काही विकलेलं नाही अशा माणसाकडून वसुली करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

आणि सगळ्यात मोठी वसुली नेमकी तिथेच होते. घरात आजोबांच्या मागे एक डबा राहिलेला असतो. कधी बिस्किटांचा पत्र्याचा, कधी देव्हाऱ्यातला पितळी. सोसायटीत, ऑफिसात, नात्यात कुणाला नाण्यांचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. डबा त्याच्यापुढे येतो. 'काका, तुम्हाला यातलं कळतं ना, जरा बघा हो, काही किमतीचं आहे का.' काका डबा ओततात, बोटाने नाणी सरकवतात, एक रुपया क्षणभर जास्त वेळ हातात राहतो. 'विशेष काही नाही. चांदीचे चार-पाच आहेत. हवं तर सगळ्याचे तीन हजार देतो.' वर पुन्हा उपकार.

हा व्यवहार आणि ढिगातला व्यवहार एकच आहे असं संग्राहक मनापासून मानतात. नाणी तीच, अज्ञान तेच, वर आलेला पैसा त्याच डोळ्याने कमावलेला. किंमत आणि नाणं एवढंच पाहिलं तर फरक सापडतच नाही, कारण तो समोर बसलेल्या माणसात आहे. ढीगवाल्याने कुणाला काही विचारलेलं नव्हतं. डबा घेऊन आलेली मुलगी विचारायला आलेली आहे. कलम 17 मध्ये 'गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे' याला जोडून दोन अपवाद आहेत: परिस्थितीच अशी असेल की बोलणं कर्तव्य ठरावं, किंवा गप्प बसणं हेच बोलल्यासारखं असेल. उदाहरणं घोड्याच्या विक्रीची आहेत. खोड असलेला घोडा लिलावात विकताना मालक गप्प राहिला तर कपट नाही, पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर त्याने बोलायला हवं. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन', तर गप्प राहणारा बोललेलाच आहे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जाणता माणूस म्हणजे विकणारा होता. बाजारातले सगळे इशारेही गिऱ्हाइकालाच असतात: बघून घ्या, पारखून घ्या. जुन्या वस्तूंच्या बाबतीत जाणता घेणारा असतो, आणि विकणाऱ्याने सावध राहावं असं त्याला कुणी सांगत नाही.

यावर सगळ्यात वजनदार बचाव ज्ञानाचा. वीस वर्षं कॅटलॉग चाळले, प्रदर्शनं पालथी घातली, बनावट मालात पैसे बुडवले, तेव्हा कुठे नजर तयार झाली. ती फुकट का वापरू द्यायची? फुकट देऊच नये. वकील कागद वाचायची फी घेतो, म्हणून अशिलाचं घर स्वतःच्या नावावर करत नाही. काकांनीही म्हणावं, हे नाणं बाजारात सहा-सात हजारांना जाईल, विकायला वेळ लागेल, मी आत्ता रोख चार देतो. किंवा मी विकून देतो, मला इतके टक्के. किती टक्के यावर वाद घालता येईल. आलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी ज्याचं नाणं त्याच्या हातात पडणार असेल, तर त्या फीला काहीतरी दुसरं नाव शोधावं लागेल, असं माझं मत. आकडा मात्र आधी उघड व्हायला हवा. जिला आकडा ठाऊक आहे ती मुलगी चार हजारांनाही आनंदाने हो म्हणेल. ती पसंती तिची असेल.

असं वागणाऱ्याला जग काय म्हणतं तेही सांगून ठेवतो. रोमचा क्विंटस स्कॅव्होला एक शेत विकत घ्यायला गेला. मालकाने किंमत सांगितली. हा म्हणाला, शेताची किंमत याहून जास्त आहे, आणि त्याने वर एक लाख सेस्टर्स दिले. गोष्ट सांगणारा रोमन लेखक सिसेरो पुढे म्हणतो की हा माणूस भला होता हे सगळे मान्य करतात, शहाणा होता हे मात्र करत नाहीत. दोन हजार वर्षांनी आमच्या गप्पांतही अशा माणसाबद्दल हेच ऐकू येतं.

खरं सांगायला जाणाऱ्याची एक अडचण मात्र खरी आहे. 2012 साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या चित्राच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, अशी आवई वर्षानुवर्षं मोबाइलवरून फिरते आहे. नाणी लाखोंनी विकून देतो म्हणत आधी कमिशन आणि कर उकळणाऱ्या टोळ्या इतक्या वाढल्या की 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं. बँकेने बजावलं, आमच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी आमचा संबंध नाही. परिणाम असा की डबा घेऊन येणाऱ्यांत आता दोन प्रकार झालेत. एकाला काहीच माहीत नाही, आणि दुसऱ्याला पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख येतात हे 'पक्कं' माहीत आहे. दुसऱ्याला तुम्ही खरा भाव सांगितलात तर तुम्हीच लबाड ठरता. मीही असल्या वाटाघाटी टाळतो. पण एक जण अतिहुशार निघाला, म्हणून दुसऱ्याच्या भाबडेपणावर आपला हक्क वाढत नाही.

मधली एक जागा जास्त अवघड आहे. बरीच जुनी नाणी संग्राहकापर्यंत पोहोचतच नाहीत, ती सराफाकडे जातात. ब्रिटिश काळातला रुपया वजनाला बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम, त्यामुळे सराफाच्या लेखी ती मोजूनमापून दिलेली चांदी. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडले जाणारे राणीछाप रुपये अडीअडचणीला मोडीत निघतात. तागडीत पडतात, घट धरली जाते, हातात पैसे येतात आणि रुपये ट्रेमध्ये. तिथून मुशीत. सराफाच्या ओळखीचा संग्राहक आठवड्यातून एकदा येतो, ट्रे चाळतो, चांदीच्या भावावर थोडं देऊन दोन-तीन रुपये उचलतो. मोडीला आलेली बाई त्याने पाहिलेलीही नाही. नुकसान तिचं झालं, फायदा याचा झाला, आणि तरी याने तिच्याकडून काही घेतलं असं मला म्हणता येत नाही. उलट त्याच्यामुळे 1862 चा एखादा ठिपकेवाला रुपया वितळण्यातून वाचतो. इथे मी सराफाकडे बोट दाखवीन. मोड घेणं हाच ज्याचा धंदा, त्याने 'बाई, हे रुपये मोडू नका, अख्खे विकले तर जास्त येतील' एवढं सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. काही सराफ सांगतातही, आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक टिकतं.

'मी घेतलं नसतं तर वितळलं असतं' हे वाक्य ट्रेजवळ खरं आहे. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून म्हटलं की ते खोटं होतं, आणि तिथे नुकसान फक्त शेतकऱ्याचं होत नाही. सराफकट्ट्याची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी नदीपात्रातली मातीही धुतात. सातवाहनांची शिशाची आणि पोटिन या मिश्रधातूची नाणी बाजारात येतात, त्यातली पुष्कळ गोदाकाठच्या अशा हातांतून. नांगराला मडकं लागतं, पावसाने बांध फुटून नाणी उघडी पडतात. फिरता दलाल गावात येतो, वजनावर सौदा करतो, आणि महिन्याभरात ती नाणी पुणे, नाशिक, मुंबई, हैदराबाद अशी पांगलेली असतात. कुठे सापडली, किती होती, कशाबरोबर होती, हे कुणालाच सांगता येत नाही. दलालाला तर ते सांगायचंच नसतं.

1906 साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला सापडलेला साठा असा पांगला नाही, म्हणून क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात कोण जिंकलं, हा महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न सुटायला मदत झाली. चांदीची सुमारे 13,250 नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची चिन्हं उमटवलेली दिसतात. एकट्या नाण्यावर तो छाप म्हणजे गंमत. एकाच साठ्यात दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर दिसतो तेव्हा जिंकलेल्या राजाने हरलेल्याचं चलन स्वतःच्या नावाने फिरवलं याचा तो पुरावा होतो. तीच 13,250 नाणी शंभर दलालांनी शंभर ठिकाणी 'एक नग' म्हणून विकली असती तर नाणी वाचली असती आणि पुरावा गेला असता. दलालाने शेतकऱ्याला कमी दिले हा त्या सौद्यातला लहान भाग. पण लपवाछपवीची गरजच कमी भावातून निर्माण होते. ज्याला पुरेसे पैसे दिलेत त्याला 'कुठे सापडलं ते सांगू नकोस' असं बजावावं लागत नाही.

मग शेतकरी सरकारकडे का जात नाही? कायदा आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878. जमिनीत दडलेलं, 10 रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं (मर्यादा अजून 10 रुपयेच आहे). न कळवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूळ मालक कुणी निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. इथवर वाचून कायदा उदार वाटतो. पण कलम 16 असं की कलेक्टरला तो साठा किंवा त्यातला हवा तो भाग सरकारसाठी घेता येतो, आणि त्याची किंमत ठरते ती त्यातल्या धातूची, अधिक त्या किमतीचा एक-पंचमांश. म्हणजे मोडीचा भाव आणि वर वीस टक्के. सातवाहनांचं शिशाचं नाणं म्हणजे काही ग्रॅम शिसं. त्याची किंमत अधिक वीस टक्के या पैशांत एक कटिंग चहाही येणार नाही.

ढिगाशी बसलेल्या संग्राहकाच्या नीतीवर आम्ही तावातावाने भांडतो, आणि जुन्या वस्तूंची किंमत सगळ्यात कमी देणारं गिऱ्हाईक सरकार आहे हे कुणी बोलत नाही. त्याच्या हातात वर तुरुंगाची भीतीही आहे. अशा गिऱ्हाइकाकडे शेतकरी जाणार नाही, तो दलालाकडे जाणार, कारण दलाल मोडीच्या भावावर वीस टक्क्यांहून नक्कीच जास्त देतो. इंग्लंडने 1996 च्या कायद्यात हा गुंता सोडवला. वस्तुसंग्रहालयाला वस्तू हवी असेल तर स्वतंत्र समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. नको असेल तर वस्तू नोंद करून परत मिळते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: पैसे दिले तर लोक टेकाडं खणत सुटतील. आजही सुटतातच, फक्त अंधारात. बाजारभाव अपघाताने सापडलेल्या आणि वेळेत कळवलेल्या वस्तूलाच द्यावा. संरक्षित जागी खणणाऱ्याला काहीही देऊ नये. इंग्लंडमध्येही गैरवर्तन करणाऱ्याचं बक्षीस कापता येतं. सरकारकडे पैसे कुठे आहेत, हा दुसरा आक्षेप. सगळं विकत घ्यावं असं कुणीच म्हणत नाही. साठ्यातलं हवं तेवढंच घेण्याची मुभा 1878 च्या कायद्यातही आहे. उरलेली नाणी तोलून, फोटो काढून, ठिकाणासह नोंदवून परत द्यावीत. तपासायला माणसं नाहीत असंही नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. पुण्या-मुंबईत हौशी जाणकारही आहेत, आणि त्यांच्यातले कितीतरी असं काम फी घेऊन काय, चहावरही करतील. कलम 16 मधले 'धातूची किंमत' हे शब्द काढून तिथे 'बाजारभाव' घालायला एक दुरुस्ती पुरेशी आहे. नोंद होऊन परत आलेलं नाणं शेतकऱ्याने उद्या विकायला काढलं, तर त्याच्या हातात नाण्याबरोबर एक कागद असेल, त्यावर गावाचं नाव, वजन आणि किमतीचा अंदाज असेल, आणि तो कागद समोरच्या संग्राहकालाही वाचावा लागेल.